वाचक विचारतात : आमदाराच्या भाषणाने निवडणुकीचा कायदा हलतो का?

अधिवेशन संपले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख सभागृहातील भाषणांवर, आणि त्यातही निवडणुकीच्या कायद्यावर आहे. त्यामुळे हा अंक त्याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : आमच्या आमदारांनी पर्वरीला गोवा विधानसभेत मतदारयादीतील घोळ, तारवटींचे म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांचे मतदान आणि अनुसूचित जमातींच्या राखीव जागा या तीन विषयांवर अर्धा तास भाषण केले. ऐकायला बरे वाटले. पण आमचे वडील म्हणाले, "हे सगळे दिल्लीचे विषय. पर्वरीला घसा कोरडा करून काय होणार?" खरेच काही होत नाही का?
— एक वाचक, डिचोली

आपल्या वडिलांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे, तेव्हा ते आधी मान्य करू. राज्यघटनेच्या ३२७ व्या अनुच्छेदाने लोकसभेबरोबर विधानसभेच्या निवडणुकीचाही कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. ३२८ वा अनुच्छेद राज्याच्या विधिमंडळालाही असा कायदा करू देतो खरा, परंतु संसदेने जी जागा मोकळी सोडली असेल तेवढ्यापुरताच. आणि १९५० व १९५१ या दोन लोकप्रतिनिधित्व कायद्यांनी संसदेने जवळजवळ सगळी जागा व्यापली असल्यामुळे राज्याच्या हाती फारसे काही उरत नाही. मतदारयाद्या तयार करण्याचे काम ३२४ व्या अनुच्छेदाखाली निवडणूक आयोगाकडे आहे. गोव्याचे भवितव्य ठरवणाऱ्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलासाठीसुद्धा १९६६ साली कायदा केला तो संसदेनेच, हे जुन्या पिढीला आठवत असेल.

उरलेले अर्धे म्हणणे मात्र मान्य करता येत नाही, कारण आमदाराला या विषयात शिरायला तीन वाटा मोकळ्या आहेत.

पहिली वाट खर्चाची. विधानसभेच्या निवडणुकीचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो, त्यामुळे निवडणूक कार्यालयाची मागणी अर्थसंकल्पात सभागृहापुढे येते, तिच्यावर कपात सूचना देता येते आणि चर्चाही करता येते. मतदारयादीचे घरोघरचे काम करणारे बीएलओ म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी कोण असतात? आपल्याच गावचे शिक्षक, अंगणवाडी सेविका, कचेरीतले कारकून. "यादीत घोळ आहे" असे आमदार गरजले तर "आयोगाला कळवू" या दोन शब्दांत उत्तर संपते. त्याऐवजी "आपल्या तालुक्यात बीएलओ म्हणून किती शिक्षक नेमले, त्या काळात त्यांच्या वर्गावर कोण होते आणि त्यांचे मानधन कोणत्या तारखेला जमा झाले" असे विचारले, तर आयोगाकडे बोट दाखवून मंत्र्यांची सुटका होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या मतदारयाद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीच्या दुसऱ्या टप्प्यात गोव्याचा समावेश झाला आणि तिचे अर्ज घेऊन तीच माणसे दारोदार हिंडली. आपल्या आमदारांच्या भाषणात यांच्याविषयी एखादे वाक्य होते का, ते एकदा तपासून पाहावे.

दुसरी वाट ठरावाची. शुक्रवार हा खाजगी सदस्यांच्या कामकाजाचा दिवस असतो, आणि त्या दिवशी केंद्राला शिफारस करणारा ठराव मांडता येतो. असा ठराव केंद्रावर बंधनकारक नसतो, म्हणून पुष्कळजण त्याला कागदी घोडा म्हणतात. अनुसूचित जमातींच्या जागांचा विषय पाहिला तर तसे म्हणवत नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत आले. विधानसभेच्या जागांची पुनर्रचना मात्र २००१ च्या जनगणनेवर झाली, आणि त्या जनगणनेत गोव्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या नोंदली गेली होती अवघी ५६६. पुढे २०११ च्या जनगणनेत हाच आकडा १,४९,२७५ झाला. माणसे होती तिथेच, तेच कुळागर कसत होती आणि त्याच वाड्यावर राहत होती. फक्त सरकारी रकाना बदलला. राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ धरली तर हे प्रमाण १० टक्क्यांच्या थोडे वर जाते, म्हणजे ४० पैकी चार जागांच्या आसपास. प्रत्यक्षात राखीव असलेली एकमेव जागा पेडणे, आणि तीही अनुसूचित जातींसाठी. ही तफावत वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांनी वर्षानुवर्षे सभागृहात बोलून दाखवली. अखेर २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने लोकसभेत स्वतंत्र विधेयक मांडले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते संसदेत संमत झाले. भाषणांमुळेच विधेयक आले असे सिद्ध करता येणार नाही, समाजाच्या संघटनांनी रस्त्यावर आणि न्यायालयात केलेले काम त्याहून मोठे आहे. परंतु मागणी सभागृहाच्या कामकाजात पुन्हा पुन्हा नोंदली गेल्यामुळे "ही मोजक्या लोकांची ओरड" असे म्हणण्याची सोय दिल्लीला राहिली नाही.

तिसरी वाट सर्वांत रुंद आहे आणि नवल म्हणजे तिच्यावर वर्दळ सर्वांत कमी असते. पंचायती आणि नगरपालिका यांच्या निवडणुकांचा कायदा २४३ ट आणि २४३ यक या अनुच्छेदांखाली राज्याचे विधिमंडळच करते. गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा, नगरपालिका कायदा १९६८ चा, पणजी महानगरपालिकेचा कायदा २००२ चा. या तिन्हींत कानामात्रेचा फरक करायचा तरी पर्वरीलाच यावे लागते. या बाबतीत २०२१ साली काय झाले ते विसरता येणार नाही. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांतील प्रभागांचे आरक्षण, विशेषतः महिलांचे आरक्षण, कायद्याप्रमाणे झाले नसल्याचे सांगून मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते १ मार्चला रद्द केले, आणि १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरताना आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले : राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार कायदा सचिवांकडे, म्हणजे सेवेत असलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, दिला होता. निवडणूक घेणारा माणूस सरकारच्या नोकरीत असता कामा नये, असे न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावले. प्रभागांच्या आरक्षणाची अधिसूचना मतदानाच्या किती दिवस आधी निघावी, हरकतींसाठी किती मुदत असावी, हे कायद्याच्या कलमात लिहून टाकण्याची मागणी एखाद्या आमदाराने केली, तर तिथे "दिल्लीला कळवू" म्हणण्याची सोय नाही. दिल्लीचा तिथे संबंधच नाही.

राहता राहिले तारवटी. जहाजावर असलेल्या माणसाला टपाली मतदानाची सोय द्यायची, तर १९६१ चे निवडणूक संचालन नियम बदलावे लागतील आणि ते नियम केंद्र सरकार आयोगाशी सल्लामसलत करून करते. म्हणून त्या विषयावरील भाषण ही विनंतीच ठरते. आपले आमदार तारवटी आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले गोमंतकीय यांची एकाच दमात गाठ घालत असतील, तर ती चूक आहे. पहिल्याचे नागरिकत्व शाबूत असते, फक्त मतदानाच्या दिवशी तो गावात नसतो. ज्याने परकीय नागरिकत्व स्वीकारले त्याचे नाव यादीत राहूच शकत नाही.

वडिलांना एवढेच सांगावे, की अर्ध्या तासातली किती मिनिटे या तिसऱ्या वाटेवर खर्च झाली ते घड्याळ लावून मोजा.

प्रश्न : एका आमदारांनी सभागृहात एका कनिष्ठ अधिकाऱ्याचे नाव घेऊन त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप केला. मी तेच वाक्य बाजारात उभी राहून बोलले असते तर माझ्यावर बदनामीचा खटला झाला असता. ही विषमता कशासाठी? आणि ती चित्रफीत आता सगळ्यांच्या मोबाइलवर फिरते आहे, त्याचे काय?
— एक शिक्षिका, मडगाव

विषमता आहे, आणि ती जाणूनबुजून ठेवलेली आहे. १९४ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड असे सांगतो, की सदस्याने सभागृहात किंवा समितीत केलेल्या भाषणाबद्दल अथवा दिलेल्या मताबद्दल त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होणार नाही. हे संरक्षण आमदाराच्या मोठेपणाखातर दिलेले नाही. खाण, जमीन, किनारा असे विषय ज्या राज्यात रोज निघतात, तिथे प्रत्येक आरोपामागे वकिलाची नोटीस येऊ लागली, तर सभागृहात गटारांच्या लांबीपलीकडे कोणी काही बोलणार नाही.

परंतु या संरक्षणाला कुंपण आहे. त्याच अनुच्छेदाचा पहिला खंड हे स्वातंत्र्य घटनेच्या आणि सभागृहाच्या नियमांच्या अधीन ठेवतो. आरोप करायचा तर सभापतींना आणि संबंधित मंत्र्यांना आधी सूचना द्यावी, म्हणजे मंत्र्यांना चौकशी करून उत्तर देता येईल, अशी विधिमंडळांची रीत आहे. ती पाळली नाही तर सभापती ते शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनाची चर्चा तर २११ व्या अनुच्छेदाने पूर्णच वर्ज्य केली आहे. आणखी एक गोष्ट. हेच वाक्य आमदारांनी सभागृहाबाहेर येऊन पायरीवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्यांपुढे उच्चारले, तर त्यांची आणि आपली पायरी कायद्यापुढे एकच. मुरलेले आमदार म्हणूनच बाहेर आल्यावर "मी आत काय बोललो ते सगळ्यांनी ऐकले आहे" एवढेच सांगतात आणि नाव पुन्हा घेत नाहीत.

पैसे घेऊन भाषण केले असेल तर? या प्रश्नावर बरीच वर्षे उत्तर विचित्र होते. १९९८ च्या निकालामुळे, लाच घेऊन ठरल्याप्रमाणे मत देणाऱ्या सदस्यालाही विशेषाधिकाराचा आसरा मिळत असे. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सीता सोरेन प्रकरणात तो निकाल मोडीत काढला. लाच स्वीकारली त्या क्षणी गुन्हा पुरा होतो, पुढे भाषण केले की नाही याला महत्त्व नाही, असे आता ठरले आहे.

चित्रफितीचे उत्तर थोडे सावध द्यावे लागते. सभागृहाच्या कामकाजाचे मूलतः खरे वृत्त द्वेषबुद्धी न ठेवता प्रसिद्ध करणाऱ्याला ३६१ क हा अनुच्छेद संरक्षण देतो. काढून टाकलेला मजकूर छापणे मात्र विशेषाधिकाराचा भंग ठरू शकते. 'सर्चलाइट' वृत्तपत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच तसे म्हटले होते. ते वर्तमानपत्राचे दिवस होते. आता सभापतींनी "हे काढून टाका" म्हणेपर्यंत ते वाक्य थेट प्रक्षेपणातून गावोगाव पोचलेले असते, आणि काढून टाकण्याचा आदेश तीस सेकंदांच्या तुकड्यात येतच नाही. त्या अधिकाऱ्याची बाजू सभागृहात मांडण्याची जबाबदारी त्याच्या खात्याच्या मंत्र्यांची आहे. त्यांनी उत्तर दिले का, हे आपण पाहिले का? बहुधा नसेल, कारण उत्तराची चित्रफीत कोणी कापून पाठवत नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात विधानसभेचे 'अध्यक्ष' असतात, गोव्यात 'सभापती' का?
— एक विद्यार्थी, सावर्डे

महाराष्ट्रात दोन सभागृहे आहेत. तिथे विधानसभेला अध्यक्ष आणि विधान परिषदेला सभापती अशी वाटणी झाली. गोव्यात परिषद नाही, घोटाळ्याला जागा नाही, आणि इथल्या मराठीत व कोकणीत 'सभापती' हाच शब्द रुळला. मुंबईची वर्तमानपत्रे वाचून परीक्षेला बसणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात ठेवावा.

प्रश्न : पक्षांतराविरुद्ध सभागृहात कडाडून बोललेले आमदार पुढे स्वतःच दुसऱ्या बाकावर जाऊन बसतात. आधीचे भाषण त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही का?
— एक निवृत्त कर्मचारी, फोंडा

कायद्याने नाही, मतदाराला येतो. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाला, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्याला, आमदार पूर्वी काय बोलला याच्याशी कर्तव्य नाही. त्याने पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडले का, किंवा पक्षादेशाविरुद्ध मत दिले का, एवढेच तिथे पाहतात. 'स्वेच्छेने सोडणे' याचा अर्थ राजीनाम्यापुरता नाही, वागणुकीवरूनही तो काढता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितले ते गोव्याच्याच रवी नाईक प्रकरणात. देशभरातले वकील आजही तो निकाल उद्धृत करतात. आपल्या राज्याने देशाच्या कायद्याला दिलेली ही देणगी अभिमानाने मिरवावी की लाजेने झाकावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मेख आहे या परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदात. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची सवलत काढली, दोन-तृतीयांश विलीनीकरणाची ठेवली. आता गोव्याचे गणित पाहा. मार्च २०१९ मध्ये मगोच्या म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोन भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० गेले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसच्या ११ पैकी आठ गेले. सात गेले असते तर कमी पडले असते. मोठ्या राज्यात दोन-तृतीयांश म्हणजे शंभर-दीडशे माणसे जमवावी लागतात, आपल्याकडे तेवढी एका मिनीबसमध्ये मावतात. २०१९ च्या दोन्ही विलीनीकरणांना उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये वैध ठरवले. त्याच्या महिनाभर आधी काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. ती दहाव्या परिशिष्टात बसत नाही.

आणखी एका आकड्याकडे लक्ष द्यावे. मंत्रिमंडळ सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठे नसावे, असे याच दुरुस्तीने ठरवले. ४० चे १५ टक्के म्हणजे सहा. परंतु लहान राज्यांसाठी १२ मंत्र्यांची मुभा ठेवल्यामुळे गोव्यात ४० पैकी १२ जण मंत्री होऊ शकतात. सभापती आणि उपसभापती वजा केले, की सरकारला प्रश्न विचारायला दोन्ही बाजू मिळून २६ जण उरतात. पक्षांतरावरील भाषण ऐकताना वक्ता या २६ मध्ये किती समाधानी आहे, ते चेहऱ्यावरून ताडण्याची माझी जुनी खोड आहे.

ज्यांना खरोखर काही करायचे असेल त्यांनी भाषणाऐवजी ठराव मांडावा : चौथा परिच्छेद रद्द करावा, आणि अपात्रतेचा निवाडा सभापतींऐवजी स्वतंत्र लवादाकडे द्यावा, अशी शिफारस संसदेला करावी. लवादाचा विचार सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सुचवला, आणि एरवी सभापतींनी अशा अर्जांवर साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा असेही म्हटले.

प्रश्न : आमच्या आमदारांचे भाषण मुळातून वाचायचे असेल तर कुठे मिळेल, आणि त्यात काय पाहावे?
— एक वाचक, काणकोण

विधानसभेच्या संकेतस्थळावर कामकाजाची पाने आणि प्रश्नांची उत्तरे मिळतात. भाषण नंतर वाचावे, आधी प्रश्न. आपल्याकडे सगळे ज्याला 'एलएक्यू' म्हणतात तो प्रश्न दोन प्रकारचा असतो. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते आणि ते कोणी मोठ्याने वाचत नाही. वर्तमानपत्रांना पहिला आवडतो, मला दुसरा. एका पानावर डावीकडे प्रश्नाचे अ, ब, क भाग आणि उजवीकडे उत्तर असते. उजव्या बाजूला "होय", "लागू नाही", "परिशिष्ट पाहावे" एवढेच असले तर निराश होऊ नये, परिशिष्ट उघडावे. रस्त्याचा ठेकेदार, कामाचा आदेश निघाल्याची तारीख, नेमलेल्या माणसाचा तालुका हे सारे तिथे असते. "माहिती गोळा केली जात आहे" असे उत्तर दिसले, तर पुढच्या अधिवेशनात आपल्या आमदारांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला का, ते पाहावे. भाषणबाज आणि काम करणारा सदस्य इथे वेगळे होतात.

भाषणाच्या प्रतीत कोकणी, मराठी आणि इंग्रजी एकाच परिच्छेदात हातात हात घालून येतात, त्याने गोंधळू नये. त्यात "सभापती महोदय" आणि अडथळे गाळून वाचत गेले, की अर्ध्या तासाच्या भाषणातील नेमकी मागणी चार-पाच ओळींत सापडते, कधी सापडतही नाही. सापडली तर त्याच विषयावरील मंत्र्यांचे शेवटचे वाक्य पाहावे. "तपासून पाहू" याला वजन नाही. "सहा महिन्यांत दुरुस्ती विधेयक आणू" असे म्हटले असेल, तर ते आश्वासन ठरते, सरकारी आश्वासनांच्या समितीकडे जाते आणि खात्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो.

प्रत्यक्ष ऐकायचे असल्यास प्रेक्षक सज्जाचा पास लागतो. तो आमदारांकडे मागता येतो. काणकोणहून येणार असाल तर सकाळच्या पहिल्या बसने निघा, कारण प्रश्नोत्तराचा तास कामकाजाच्या सुरुवातीलाच असतो. उशिरा पोचलात तर वाट्याला येतात ती भाषणे.